सायकॉलॉजीत पीएचडी करायचीय? आधी हे वाचा

एम.ए. झालेली पोरं मला सारखी विचारतात, ताई पीएचडी केली की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येतं ना? नाही होता येत. पीएचडीने नावाआधी डॉ. लागतं, पण पेशंट बघायला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषदेचं) रजिस्ट्रेशन लागतं आणि ते आरसीआय-मान्य कोर्स केला तरच मिळतं, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही त्यालाच धरून आहे. मी आधी क्लिनिकल सायकॉलॉजीचं दोन वर्षांचं एम.फिल. केलं, मग पीएचडी. यूजीसीने त्या एम.फिल.ला 2025-26 पर्यंतच मुदत दिलेली, त्यामुळे आता साय.डी. (डॉक्टर ऑफ सायकॉलॉजी) वगैरे बघा, आणि बघताना कॉलेजची जाहिरात नाही, आरसीआयची यादी बघा.

पीएचडीचं कागदी काम काही अवघड नाही. नेट, मुलाखत, किमान 12 क्रेडिटचं कोर्सवर्क, मग दर सेमिस्टरला आरएसीपुढे, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, उभं राहायचं. तीन वर्षांत संपेल असं घरी सांगू नका फक्त!

खरी मजा फील्डवर. माझा विषय नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातल्या बायकांमधलं डिप्रेशन. ते मोजायला पीएचक्यू-9 ही प्रश्नावली, म्हणजे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, स्कोअर 0 ते 27. मी मस्त पुस्तकी मराठीत छापून घेऊन गेले आणि तेव्हा नेमकी भाताची आवणी (रोपांची लावणी) चालू होती. थकवा येतो का? एक आजी म्हणाली, "बाई, दिवसभर चिखलात वाकून बघ, मग मला विचार." झोप, भूक, थकवा, सगळ्यांचेच मार्क वाढलेले, आता यातलं डिप्रेशन किती आणि आवणी किती हे मी नाशिकला बसून कसं ठरवणार होते. शेवटी गावातल्या आशाताईंसोबत (आशा सेविकांसोबत) बसून एकेक वाक्य बदललं. 'उदास' कोणी म्हणतच नव्हतं, 'जीव लागत नाही' म्हटलं की बायका बोलायला लागायच्या. यातच पाच महिने गेले आणि माझ्या टाइमटेबलमध्ये याला एक आठवडा होता 🙂

फॉलोअपला गेले तर घरांना कुलपं. अर्धं गाव द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे गेलेलं. मग काय, मीपण बागांमध्ये फिरले, जेवणाच्या सुट्टीत मुलाखती. त्यामुळे सॅम्पल ठरवायच्या आधी गाव वर्षभर कुठे कुठे असतं ते विचारून घ्या.

अजून एक. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांबद्दल आहे. 'हो' म्हणाली तर काय करणार? मी प्रपोजलमध्ये लिहिलेलं, "रेफर करू." एथिक्स कमिटीने परत पाठवलं, कुठे, कोणाकडे, एसटीचं भाडं कोण देणार, सोबत कोण जाणार. तेव्हा जाम राग आलेला. मग सिव्हिल हॉस्पिटलला जाऊन ओपीडीचे वार विचारले, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर प्रत्येक फॉर्मवर छापला, भाड्याचे पैसे बाजूला काढले, आशाताईंना सोबत यायला तयार केलं. पहिल्या महिन्यातच दोन बायका 'हो' म्हणाल्या.