रानातली अळंबी: या चुका टाळा

दोन पाऊस झाले की चोरल, पाताळपाणीकडे फिरायला गेलेली आपली इंदूरची मंडळी पिशवीभर अळंबी घेऊन येतात आणि मला फोटो पाठवतात: "खाऊ ना?" फोटोवरून मी कधीच हो म्हणत नाही. निम्मी ओळख मातीत राहिलेली असते.

देठ वरच्यावर तोडणं ही सगळ्यात वाईट खोड. वारुळावरच्या, खायच्या अळंबीचा देठ मुळासारखा निमुळता होत खाली वाळवीच्या घरापर्यंत जातो. अमानिता या विषारी अळंबीच्या बुडाशी पिशवीसारखं वेष्टण असतं, तेही मातीतच. म्हणून मी खुरपं नेतो आणि अख्खं बूड उकरून काढतो. एवढा धीर नसेल त्यानं भाजीवाल्याकडची ढिंगरी घ्यावी.

काही वर्षांपूर्वी श्रावणात आमच्या काकांनी कॉलनीतल्या हिरवळीवरून बशीएवढ्या पांढऱ्या छत्र्या आणल्या. "अरे, लहानपणी वारुळावरची हीच खायचो." हिरवळीवर वारूळ कुठलं, हे कोणी विचारलं नाही, मीही नाही. रस्सा झाला. दोन तासांत पाच जणांना उलट्या-जुलाब, रात्र सलाईनवर. सगळे वाचले. सकाळी घरी आलो तर ओट्यावर वर्तमानपत्रावर एक छत्री उरली होती. उचलली, तर खाली टोपीतून गळलेल्या बीजाणूंच्या हिरवट भुकटीचा गोल छाप, मधून बाहेर जाणाऱ्या बारीक रेषांसकट. ती क्लोरोफायलम मॉलिब्डाइटिस नावाची विषारी अळंबी होती. कोवळेपणी तिच्या टोपीखालच्या पट्ट्या पांढऱ्याच असतात, म्हणून नुसतं पाहून फसगत होते. वारुळावरच्या अळंबीचा छाप फिकट गुलाबी येतो, अमानिताचा पांढरा. तेव्हापासून छाप घ्यायला अर्धा काळा, अर्धा पांढरा कागद, त्यावर टोपी, वर वाडगा, आणि रात्रभर थांबायचं. "आजच ताजी करायची होती" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांच्याकडे जेवत मात्र नाही.

विषारी अळंबीनं चांदीचा चमचा काळा पडतो, लसूण निळा होतो: साफ खोटं. किड्यांनी खाल्लेली चालते, हेही खोटं.

शिजवल्यानं किंवा वाळवल्यानं अमानिताचं विष जात नाही. त्रास बहुधा 6 ते 12 तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतो. मग उलट्या थांबतात, माणसाला बरं वाटतं, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. तेव्हा "आता ठीक आहे" म्हणून घरी थांबू नका. मी प्रत्येक जातीची एक न शिजवलेली अळंबी, बुडासकट, कागदात गुंडाळून दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवतो, डॉक्टरांना दाखवायची वेळ आली तर.