शब्द एकटा उतरवू नका, वाक्यासकट उतरवा

माझ्या वहीत पानाच्या मधोमध रेघ असायची. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. 'अफोर्ड म्हणजे परवडणे' मला तोंडपाठ होतं. तरी पहिल्या नोकरीत मी लिहिलं, 'धिस मशीन डझ नॉट अफोर्ड अस.' अर्थ बरोबर होता, वाक्य उलटं झालं होतं. मराठीत वस्तू आपल्याला परवडते. इंग्रजीत माणूस वस्तू अफोर्ड करतो. कर्ताच बदलतो, आणि ते दोन रकान्यांत कुठेच दिसत नव्हतं.

म्हणून आता डावीकडे मराठी वाक्य लिहा, उजवीकडे इंग्रजी. 'आम्हाला नवं मशीन परवडत नाही': 'वुई कान्ट अफोर्ड अ न्यू मशीन.' पहिलं वाक्य कोशातून घ्या. त्याखाली दुसरं तुमचं स्वतःचं, खरोखर घडलेलं. खरं वाक्य जास्त लक्षात राहतं. मग शब्दाच्या आजूबाजूला काय येतं, ते अधोरेखित करा. अफोर्डच्या आधी बहुतेक वेळा कॅन किंवा कुड असतं. पुढे क्रियापद आलं तर टू: 'आय कान्ट अफोर्ड टू वेट.' डिस्कसपुढे मात्र अबाउट नको. आपल्याकडे पाऊसही जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत 'हेवी रेन', पण 'स्ट्राँग विंड'. अशा जोड्या जोडीनेच लिहायच्या.

कोश शिकणाऱ्यांसाठीचा, इंग्रजी-इंग्रजी घ्या. १९८७ साली आलेल्या कॉलिन्स कोबिल्ड कोशात अर्थसुद्धा पूर्ण वाक्यांत दिले होते, त्यामुळे व्याख्या वाचतानाच वापर कळतो. मी आधी उदाहरणं वाचतो, अर्थाचा अंदाज करतो, मग व्याख्या बघतो. दिवसाला पाच शब्द पुरेत.

उजळणीत उजवी बाजू हाताने झाका आणि मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य मोठ्याने म्हणा. नुसतं वाचून 'येतंय' असं वाटतं, पण बोलताना तो शब्द सापडत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले स्मरणशक्तीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत विसरणं सुरुवातीला झपाट्याने होतं आणि मग मंदावतं, असं दिसलं. त्यामुळे पहिली उजळणी त्याच रात्री करा, मग दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, आठवड्याने.

सुरुवात 'रिमाइंड'पासून करा. 'हे गाणं ऐकलं की मला आईची आठवण येते': 'धिस साँग रिमाइंड्स मी ऑफ माय मदर.' मराठीत आठवण आपोआप येते. इंग्रजीत ती गाणं करून देतं.