कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरने घराचं काम बिघडवलं तर लायसन्स बोर्डाकडे तक्रार कशी करायची

बाथरूम नवीन करून घेतलं, पैसे दिले, आणि महिन्याभरात शॉवरचं पाणी कोपऱ्यात साचायला लागलं, कॉन्ट्रॅक्टर मात्र "येतो येतो" म्हणत टाळतोय. अशा वेळी आपल्याकडचे बरेच जण चिडून ऑनलाइन एक स्टार देतात आणि दुसऱ्याला बोलावून काम तोडून टाकतात. कृपा करून लगेच तोडू नका, कारण ते बिघडलेलं काम हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि तो एकदा कचऱ्यात गेला की काय चुकलं होतं हे तुम्ही कुणाला दाखवणार?

इथे 500 डॉलरच्या वरच्या कामाला कॉन्ट्रॅक्टरकडे लायसन्स लागायचं, 2025 पासून छोट्या कामांसाठी ती मर्यादा 1,000 झाली, पण परमिट लागत असेल किंवा त्याने हाताखाली माणसं लावली असतील तर ही सूट नाही. लायसन्स देणारी आणि काढून घेणारी संस्था म्हणजे कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, सगळे सीएसएलबीच म्हणतात. आधी त्यांच्या साइटवर लायसन्स नंबर टाकून बघा: लायसन्स चालू आहे का, कुठल्या कामाचं आहे (प्लंबिंगचं सी-36, टाइलचं सी-54, जनरलचं बी), आणि बाँड (ग्राहकाचं नुकसान झालं तर भरपाईसाठी बाँड कंपनीने दिलेली हमी) आहे का. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा.

मग कॉन्ट्रॅक्टरला लेखी कळवा. फोनवरचं बोलणं नंतर कुणी मानत नाही, त्यामुळे सर्टिफाइड मेलने (पाठवल्याची नोंद राहते अशा टपालाने) पत्र पाठवा, काय बिघडलंय, करारात काय ठरलं होतं आणि कधीपर्यंत दुरुस्त हवंय एवढंच लिहा, शिव्या नकोत, धमक्या नकोत. तो खरंच येऊन नीट करून देत असेल तर करू द्या, तुमचाच वेळ वाचेल. नाही आला तर तुम्ही संधी दिली होती हे कागदावर राहतं.

आता खरी मेहनत. "काम बेकार आहे" असं लिहिलं तर बोर्डाला त्यातून काहीच हाती लागत नाही, त्यांना बघायचं असतं की काम त्या धंद्याच्या मान्य पद्धतीपेक्षा खाली गेलंय का, करार सोडून केलंय का. म्हणून मोजून लिहा. शॉवरच्या तळाला ड्रेनकडे दर फुटाला पाव इंच उतार हवा, तिथे लेव्हल (उतार बघायची पट्टी) ठेवून फोटो काढा आणि किती कमी पडतोय ते लिहा. पाणी सोडा आणि अर्ध्या तासाने कुठे डबकं राहिलंय त्याचा व्हिडिओ घ्या. फरशांवर नाण्याने टकटक करून ज्या पोकळ वाजतात त्यांवर टेप लावून एकच फोटो काढा. शिवाय दुसऱ्या लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून काय चुकलंय आणि दुरुस्तीला किती लागतील याचं लेखी एस्टिमेट घ्या. करार, चेंज ऑर्डर (करारात नंतर केलेले लेखी बदल), चेकच्या प्रती, टेक्स्ट मेसेज, सिटीच्या परमिटचे आणि इन्स्पेक्शनचे कागद, सगळं तारखेने लावा. मूळ कागद पाठवू नका, कॉपीच पाठवा.

करार काढलाच आहे तर अॅडव्हान्स बघा. घरदुरुस्तीच्या करारात सुरुवातीला 10 टक्के किंवा 1,000 डॉलर, यातलं जे कमी असेल तेवढंच घेता येतं, मोजके अपवाद सोडले तर. त्याने आधीच निम्मे पैसे घेतले असतील तर तेही तक्रारीत घाला, तो वेगळा नियमभंग आहे.

फॉर्म ऑनलाइन भरता येतो, मुदत काम झाल्यापासून साधारण 4 वर्षं, आणि आत दडलेल्या स्ट्रक्चरल दोषांना 10. तक्रार गेली की बोर्डाचा माणूस आधी दोघांशी बोलून समेट होतो का बघतो. नाही झाला तर प्रकरण तपासाला जाऊ शकतं, आणि गरज वाटली तर बोर्ड स्वतःच्या खर्चाने एक एक्स्पर्ट घरी पाठवतं, तो काम बघून दुरुस्तीचा खर्च लिहून देतो. त्याचा रिपोर्ट फार वजनाचा असतो, म्हणून वर म्हटलं की तोडू नका. फक्त पाणी भिंतीत मुरत असेल, छत गळत असेल तर आधी भरपूर फोटो काढून नुकसान थांबेल एवढंच तात्पुरतं करून घ्या.

बोर्ड म्हणजे कोर्ट नाही हे ध्यानात ठेवा. ते सायटेशन (नियमभंगाची अधिकृत नोटीस) देऊ शकतं, दुरुस्तीचा किंवा भरपाईचा आदेश काढू शकतं, आर्बिट्रेशनला (कोर्टाबाहेर लवादाकडे) पाठवू शकतं, लायसन्स सस्पेंड किंवा रद्द करायची कारवाई करू शकतं, पण तुमचे पैसे वसूल करून हातात ठेवणं त्यांचं काम नाही. पैशांसाठी सोबत दुसऱ्या वाटा चालू ठेवा: कॉन्ट्रॅक्टरच्या 25,000 डॉलरच्या बाँडवर बाँड कंपनीकडे वेगळा क्लेम करता येतो (तेवढ्याच रकमेवर इतरांचेही क्लेम असू शकतात, म्हणून लवकर करा), आणि 12,500 डॉलरपर्यंत स्मॉल क्लेम्स कोर्टात (छोट्या रकमांच्या दाव्यांचं कोर्ट) वकिलाशिवाय जाता येतं. मोठी रक्कम असेल तर मात्र वकीलच गाठा.

तक्रार गेल्यावर काही कॉन्ट्रॅक्टर अचानक गोड होतात, म्हणतात, "थोडे पैसे परत देतो, पण तक्रार मागे घ्यायची असं सेटलमेंटमध्ये (समझोत्याच्या करारात) लिहा." कॅलिफोर्नियात लायसन्सवाल्याला अशी अट घालता येत नाही, कायद्यानेच मनाई आहे, तेव्हा पैसे घ्यायचे असतील तर घ्या पण त्या ओळीवर सही करू नका.

आणि शोधल्यावर त्याच्याकडे लायसन्सच नाही असं निघालं तर? तरीही तक्रार करा, बोर्ड अशांवरही कारवाई करतं. कायद्याने त्याला राहिलेल्या पैशांसाठी तुमच्यावर दावा करता येत नाही, उलट दिलेले सगळे पैसे परत मागायला तुम्ही कोर्टात जाऊ शकता.