आमिष फस्त, सापळा उघडाच: शर्मन सापळ्याची दुरुस्ती

सिंहगडाच्या पठारावर सकाळी शर्मन सापळे (लहान प्राणी जिवंत पकडायच्या ॲल्युमिनियमच्या पेट्या) तपासावेत, तर आमिष गायब आणि दार उघडंच. आधी उंदीर हलका असेल असं वाटतं. खरा दोष बहुतेकदा पायपट्टीत, म्हणजे पाय पडताच दार मिटवणाऱ्या आतल्या पट्टीत असतो.

शेंगदाण्याचं लोणी आणि ओट्सचा गोळा पट्टीवरच ठेवला, की तेल-माती बिजागरीत जाऊन ती जड होते. शिवाय मुंग्या येतात. गोळा वाटाण्याएवढा करून पट्टीच्या मागे, मागच्या बंद दाराशी ठेवायचा. पट्टी जुन्या टूथब्रशने घासून कोरडी करायची.

मग चाचणी. दहा रुपयांचं नाणं साधारण पावणेआठ ग्रॅमचं असतं. ते पट्टीच्या मागच्या टोकाला अलगद ठेवल्यावर दार मिटलं पाहिजे. मिटलं नाही, तर दार अडवणारी पत्र्याची जीभ स्क्रूड्रायव्हरने केसभर मागे सरकवायची. जास्त सरकवली, तर वाऱ्यानेही दार मिटतं आणि रात्र रिकामी जाते. सापळा डुगडुगत असेल, तर खाली चपटा दगड हवाच.

चिचुंद्री फार लवकर उपाशी मरते. तिच्यासाठी सुकी कोळंबी, थंडीत मूठभर कापूसही. उजाडताच तपासणी करायची, दिवसा सापळे बंद. ॲल्युमिनियम उन्हात भट्टीसारखं तापतं. कोंढाणा उंदीर याच परिसरातला आणि धोक्यात आलेला, त्यामुळे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय एकही सापळा लावू नये. वजन कापडी पिशवीत घ्यायचं आणि प्राणी पकडला त्याच झुडपाशी सोडायचा.