सोफा फाडण्याआधी थांबा: अग्निरोधक रसायनांबाबतच्या या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या जोडप्याचा रात्री उशिरा फोन आला. सोफ्याच्या फोममध्ये आग रोखणारी रसायनं असतात, ती बाळांना घातक असतात, असं त्यांनी दुपारी वाचलं आणि संध्याकाळपर्यंत सोफा फाडूनही झाला होता. तोही बैठकीच्या खोलीत, पंखा चालू ठेवून. फोम वीसेक वर्षांचा, बोट लावलं तरी भुगा होणारा. खोली कोरड्या झाडूने झाडली, गोळा झालेला फोम घरामागे नेऊन पेटवला. घरात दहा महिन्यांचं रांगतं मूल. "आता घर सुरक्षित झालं ना?" असं ते विचारत होते आणि मला काय उत्तर द्यावं ते सुचेना.

घरातल्या धुळीचे नमुने तपासायचं काम मी बरीच वर्षं करते. हीच चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. राग त्या आईवडिलांचा नाही, "आजच्या आज घराबाहेर काढा" असं सांगून मोकळे होणाऱ्यांचा.

बहुतेक अग्निरोधक रसायनं फोममध्ये नुसती मिसळलेली असतात, फोमच्या रेणूंशी बांधलेली नसतात. म्हणून ती वर्षानुवर्षं थोडी थोडी बाहेर येतात आणि धुळीला चिकटतात. जुन्या फोममध्ये सर्रास वापरलेलं पेंटाबीडीई हे मिश्रण वजनाच्या साधारण ३ ते ५ टक्के असायचं, म्हणजे पाच किलो फोममध्ये दीडशे ते अडीचशे ग्रॅम. कव्हर शाबूत असेल तर ते हळूहळू झिरपतं. फोम फाडलात की जे काही वर्षांत बाहेर आलं असतं, ते एका संध्याकाळी फरशीवर येतं. रांगणाऱ्या मुलाचे हात त्याच फरशीवर असतात आणि तेच हात तोंडात जातात. लहान मुलांच्या रक्तात ही रसायनं आईपेक्षा जास्त सापडतात, त्याचं मोठं कारण हे आहे.

ही रसायनं शरीरात काय करतात? पेंटाबीडीई ज्या कुळातलं आहे, त्या पीबीडीईची ठेवण थायरॉइडच्या संप्रेरकासारखी आहे. तिथे आयोडीन असतं, इथे ब्रोमीन. वाढत्या मेंदूला हे संप्रेरक लागतं. अमेरिकेतल्या सिनसिनाटीमध्ये गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला गेला. आईच्या रक्तात पीबीडीईचं प्रमाण दहापट जास्त असेल, तर पाचव्या वर्षी मुलाचा बुद्ध्यांक सरासरी ४.५ गुणांनी कमी आढळला. ही समूहाची सरासरी आहे, तुमच्या मुलाचं भविष्य नव्हे. पण काळजी घ्यायला एवढं पुरेसं आहे.

त्या घरी मी दुसऱ्या दिवशी गेले. आधी मुलाला आजीकडे पाठवलं. मग वरून खाली या क्रमाने ओल्या फडक्याने सगळं पुसलं, अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने कोपरे काढले, पडदे आणि खेळणी धुतली. दर दोन दिवसांनी असं तीन आठवडे चाललं. पंख्याच्या पात्यांवरही फोमचा भुगा बसला होता. फोम पेटवलेल्या जागेची राख आणि वरची माती हातमोजे घालून पिशवीत भरली, कारण ब्रोमीन असलेला फोम असा उघड्यावर जाळला की ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन आणि फ्युरान ही विषारी संयुगं तयार होतात. मूळ रसायनापेक्षा ती जास्त वाईट.

माझी सवय सांगते. कव्हर धड असेल तर मी सोफ्याला हात लावत नाही. उसवलं असेल तर त्याच दिवशी शिवते. फोम भुगा व्हायला लागला असेल तरच उशी अख्खी, न कापता, मोठ्या पिशवीत घालून तोंड बांधते आणि घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेला विचारून तिकडे देते. ते काम झालं की अंगावरचे कपडे वेगळे धुते. हे कंटाळवाणं आहे, पण याहून झटपट आणि तितकीच सुरक्षित वाट मला अजून सापडलेली नाही.

दुसरी चूक: "पीबीडीई-मुक्त" हे दोन शब्द वाचून निर्धास्त होणं. इथे इतिहास माहीत असायला हवा. अर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी मुलांच्या रात्रीच्या कपड्यांतलं ब्रोमीनयुक्त ट्रिस हे अग्निरोधक जनुकांत बदल घडवतं हे दाखवलं आणि १९७७ मध्ये अमेरिकेत त्या कपड्यांतून ते बंद झालं. त्याच्या जागी क्लोरीनयुक्त ट्रिस आलं. तेही जनुकांत बदल घडवतं हे लगेच कळलं आणि ते कपड्यांतून गेलं. पण पुढे तेच सोफ्यांच्या फोममध्ये सापडलं. कॅलिफोर्नियाने कर्करोगकारकांच्या यादीत ते २०११ मध्ये घातलं. २००४ च्या अखेरीस अमेरिकेत पेंटाबीडीईचं उत्पादन थांबलं, तेव्हा त्याची जागा फॉस्फरस आणि ब्रोमीनच्या दुसऱ्या मिश्रणांनी घेतली. टिकाऊ घातक रसायनांवर बंदी आणणाऱ्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारातही हेच दिसतं: २००९ मध्ये पेंटा आणि ऑक्टा हे पीबीडीईचे प्रकार, २०१३ मध्ये एचबीसीडी हे दुसरं ब्रोमीनयुक्त अग्निरोधक, २०१७ मध्ये डेका हा पीबीडीईचाच आणखी एक प्रकार. एकेक नाव यादीत जातं आणि तोवर त्याचं भावंड बाजारात आलेलं असतं. "हॅलोजन-मुक्त" (म्हणजे ब्रोमीन, क्लोरीन वगैरे नसलेल्या) असं लिहिलेल्या वस्तूतही फॉस्फरसची अग्निरोधकं असू शकतात.

म्हणून विकणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारते: यात कोणतंही अग्निरोधक रसायन मिसळलं आहे का? नुसतं "नाही" ऐकून घेत नाही, लेखी मागते. आयात केलेल्या सोफ्याखाली लेबल असेल तर नीट वाचा. नुसतं "टीबी ११७" म्हणजे फर्निचरच्या आगीबाबतचा कॅलिफोर्नियाचा १९७५ चा जुना नियम. त्यात उघड्या फोमला १२ सेकंद ज्योत लावायचे, आणि ती चाचणी पार करायला रसायन घालणं हाच सोपा मार्ग होता. "टीबी ११७-२०१३" मध्ये कापडाची धुमसण्याची चाचणी आहे. ती रसायनाशिवाय पार होते, पण रसायन घालायला त्या चाचणीची मनाई नाही. त्यामुळे रसायन घातलं आहे की नाही हे सांगणारी खूण लेबलवर शोधा.

बाकीच्या चुका थोडक्यात. वास येत नाही म्हणून वस्तू स्वच्छ समजू नका, या रसायनांना बहुधा वासच नसतो. कोरडा झाडू आणि पिसांचा झटकणा धूळ काढत नाहीत, फक्त जागा बदलतात. तांब्यासाठी जुन्या वायरी जाळणं कुठल्याही परिस्थितीत नको. महागडा एअर प्युरिफायर घेऊन फरशी तशीच सोडणाऱ्यांना मी आधी बादली आणि फडकं घ्यायला सांगते. आणि जेवणाआधी हात धुवा. न्यू यॉर्कमध्ये काही आयांनी आठवडाभर नुसतं हात धुणं किंवा घर पुसणं वाढवलं, तेवढ्यानेही लघवीतली या रसायनांची खूण कमी झाली.

काळ्या प्लास्टिकच्या पळ्यांबद्दल हमखास विचारलं जातं. टीव्हीच्या जुन्या खोक्यांचं प्लास्टिक पुन्हा वापरल्याने त्यांत डेका सापडतं, हे खरं आहे आणि ते व्हायला नको. पण २०२४ च्या ज्या अभ्यासाने घबराट पसरली, त्यात गुणाकार चुकला होता. शरीराच्या वजनाच्या किलोमागे रोज ७,००० नॅनोग्रॅम या डेकाच्या मर्यादेने ६० किलोच्या माणसाला ४,२०,००० होतात, तिथे ४२,००० छापलं होतं. अंदाजे सेवन ३४,७०० होतं, म्हणजे मर्यादेच्या जवळ नाही तर दहाव्या हिश्शाहूनही कमी. चूक नंतर दुरुस्त झाली, पण पुढे पाठवलेले मेसेज तसेच फिरत राहिले. पळी तडकली किंवा वितळली असेल तर टाका, नाहीतर लाकडाची किंवा स्टीलची सवडीने घ्या.

राहिली आग. रसायन नको म्हणताना आगीची भीती खोटी ठरवणारे मला तितकेच खटकतात. आगीत माणसं बहुधा धुराने दगावतात, आणि ब्रोमीन-क्लोरीनची अग्निरोधकं असलेला फोम अखेर पेटलाच तर धूर अधिक विषारी होतो. म्हणून माझ्या घरात सोफ्याजवळ मेणबत्ती किंवा सिगारेट चालत नाही, आणि झोपायच्या प्रत्येक खोलीबाहेर धुराचा गजर आहे. महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबून बघते, आणि दहा वर्षं झालेला गजर वाजत असला तरी बदलते.