घरी बांधलेली होडी गरवायला नेण्याआधी

लाइफ जॅकेट, पिण्याचं पाणी, टोपी, पिशवीत घट्ट बांधलेला मोबाईल. हे सांगायला नको. वल्ह्याला दोरी बांधलीत का? नसेल तर आधी ती बांधा, मग पुढचं वाचा.

नुसतं वल्हवताना माणूस मधोमध बसतो. गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, लागला की तोच माणूस एका अंगाला वाकतो, मागे वळून कोळंबीचा डबा चाचपतो, आणि गरीला काही लागलं की वल्हं सोडून दोन्ही हातांनी दांडी धरतो. होडी तपासायची ती या धांदलीत कशी वागते ते बघायला. सरळ रेषेत छान चालते म्हणून खूश होऊ नका.

दिवस निवडताना उधाण टाळा, भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो ते दिवस घ्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते: एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ. म्हणजे सातला पाण्यात उतरायचं. पाणी चढतं असतं, काही बिनसलं तरी ते तुम्हाला खाडीच्या आत नेतं, मुखाकडे नाही. मालवणजवळच्या कर्लीच्या खाडीत ओहोटी लागली की सगळं मुखाकडे, देवबागच्या टोकाकडे ओढलं जातं. माझं वल्हं तसंच गेलं, आणि मी चपलेने पाणी मारत कांदळवनाला लागलो. दोरी नव्हती. एवढंच कारण.

दोरी कसली? बाजारात मिळते ती पिवळी-निळी पॉलीप्रॉपिलीनची, ती तरंगते. नायलॉनची बुडते आणि तळाच्या मुळांत अडकते. पात्याच्या वर, मानेला गाठ मारा, दुसरं टोक बसायच्या फळीला. लांबी एवढीच की वल्हं दोन्ही बाजूंना फिरेल. फार सैल सोडलीत तर गळाच्या दोऱ्यात गुंता होईल, आणि मग वैतागून तुम्हीच ती सोडून ठेवाल. सोडू नका.

पहिली चाचणी कमरेइतक्या पाण्यात, काठाशी. सामानाच्या जागी वीस लिटरचे पाण्याने भरलेले कॅन ठेवा. दगड नकोत, होडी भरली तर दगड तिला खाली नेतात. आता एका बाजूला हळूहळू वाका आणि काठ पाण्यापासून किती उरतो ते सोबतच्याला बघायला सांगा. चार बोटं उरली की थांबा, तीच तुमची हद्द. मग गरी न लावता दोरा सोडा आणि सोबत्याला पाण्यात उभं राहून तो हिसडायला सांगा, आधी नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, मग आडवा. आडव्या हिसड्याला होडी कशी कलते ते तेव्हाच कळतं. आणि त्या क्षणी वल्हं कुठे आहे? मांडीवरून घसरलं ना? म्हणून दोरी.

होडी मुद्दाम पाण्याने भरून बघा. फळ्यांखाली थर्माकोल किंवा बंद बाटल्या असतील तर ती तरंगत राहील, नसेल तर घरी परत न्या. पाण्यातून चढायचं ते मागच्या टोकाकडून. बाजूने चढलात तर उलटेल.

नांगर नाळेलाच, बाजूला कधीच नाही. धारेत बाजूला बांधलेला नांगर होडीचा काठ खाली खेचतो. दोर खोलीच्या तिपटीहून कमी नको, आणि हातापाशी कोयती ठेवा. पायात चप्पल हवीच, कालवांची कड पाय चिरते.

बाकी किरकोळ. पाणी उपसायला डबा, तोही बांधलेला. शिंगाळा मासा लागला तर काट्यांना हात लावू नका. पहिल्या दिवशी होडीत उभं राहायचं नाही. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटायच्या आत पाण्याबाहेर या. परतताना सांधे चाचपा, पाणी झिरपत असेल तिथे खडूने खूण करा. निघताना दोरीची गाठ पुन्हा ओढून बघा.