पावसात आरसीसीबी सारखा पडतोय? बाहेरच्या सॉकेटबाबत या चुका टाळा

गच्चीवरचा, पार्किंगमधला किंवा अंगणातल्या मोटरचा सॉकेट मे संपेपर्यंत निमूट चालतो. मृगाच्या दोन-चार दणदणीत सरी झाल्या की एका रात्री अख्ख्या घराची वीज जाते. आरसीसीबी (जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही, म्हणजे कुठेतरी गळती झाली, की वीज तोडणारा बोर्डातला स्विच) वर करावा तर खटकन पुन्हा खाली. मग खापर फुटतं त्याच्याच डोक्यावर. "हा गेलाय, डायरेक्ट करून टाकू," म्हणजे तो वगळून वायर थेट जोडू, असं सांगणारे वायरमनही कमी नाहीत. त्यांना सरळ नाही म्हणा. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरच्या गळतीवर वीज तोडतो, आणि ती गळती कुणाच्या तरी अंगातून होत असू शकते. १६ अँपिअरचा एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट सर्किट झालं की पडणारा स्विच) अशा वेळी ढिम्म हलत नाही.

"त्या सॉकेटचं बटण तर बंद आहे!" ही दुसरी फसगत. बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, तोडतं, आणि घरातले साधे एक-पोल एमसीबीही तेवढंच करतात. न्यूट्रलची, म्हणजे परतीची, वायर सॉकेटच्या ओल्या डब्यात तशीच जोडलेली राहते आणि ओलाव्यातून अर्थिंगला मिळते. गंमत म्हणजे अशा वेळी आरसीसीबी लगेच पडेलच असं नाही. तो पडतो गीझर लावल्यावर, कारण गीझरचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलमधून आणि थोडा अर्थिंगमधून जायला लागतो. बिचाऱ्या गीझरची दुरुस्ती होते, गच्चीवरचा डबा तसाच ओला राहतो.

शोधायचं कसं? आधी बाहेरची सगळी उपकरणं प्लगमधून काढा. पुष्कळदा दोष पंपात किंवा दिव्यांच्या माळेतच असतो. तरीही पडत असेल तर सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा आणि एकेक एमसीबी चढवत जा. एका विशिष्ट एमसीबीवर पडला तर ती लाइन सापडली. ताळमेळच लागत नसेल तर न्यूट्रलवर संशय घ्या. त्या लाइनची न्यूट्रल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राने) तपासणं हे परवानाधारक वायरमनचं काम आहे. रीडिंग १ मेगओहमच्या खाली आलं तर ती लाइन जोडू देऊ नका. मीटरचा बोर्डच ओला असेल तर हात न लावता १९१२ वर फोन करा.

पाणी समोरून आलं असं समजून झाकणाभोवती सिलिकॉन थापणं हाही नेहमीचा उद्योग. खरं तर पाणी बहुधा वरून उतरणाऱ्या पाइपातून किंवा मागच्या ओल्या भिंतीतून येतं. डबा चारी बाजूंनी बंद केला की ते आतच साठतं, आणि पितळी टर्मिनलवर हिरवा कळंक चढतो. सिलिकॉन वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना लावा, खालची कड मोकळी ठेवा. पाइप शक्यतो डब्याच्या खालून, ग्लँड (पाइपाभोवती घट्ट बसणारी जोडणी) लावून आत घ्या. कळंक चढलेला सॉकेट घासून वापरू नका, बदला.

आयपी५५ किंवा आयपी६५ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा दर्जा) छापलेला सॉकेट घेताना प्लग लावून झाकण बंद होतं का, ते दुकानातच बघा. बऱ्याच सॉकेटचं ते संरक्षण झाकण मिटलेलं असेपर्यंतच असतं. गणपतीच्या मांडवात तर एक्स्टेंशन बोर्डाला प्लास्टिकची पिशवी बांधतात. तिच्या आत घाम धरतो आणि पाणी निथळायला वाट उरत नाही. बोर्ड जमिनीपासून उंच, आडोशाला टांगा. आणि टेस्टर पेटला नाही म्हणून डबा उघडू नका, मेन बंद करूनच उघडा.